वाटीवाटीनं

पहिल्या खेपेचे सात मासे मीच मारले.
कुणी तसं म्हणालं नाही. प्रणय तर नाहीच.
पण ग्रामपंचायतीच्या टाकीत रोज पहाटे
टीसीएल पावडर कालवणारा हात माझा,
ओटीचे दोन थेंब टाकून
पाणी पिवळं झालं की वहीत ‘योग्य’ लिहिणारा हात माझा,
आणि त्याच नळाची बादली
काचेच्या पेटीत उपडी करणाराही.
सांजेला सातही वर, पोटं उताणी.
त्या दिवशीचं पाणी सगळं गाव प्यालं,
कुणाला काही झालं नाही.

पोरगं रडलं नाही.
कोरड्या पेटीत सहा महिने
त्यानं कंचे ठेवले.

आता पुन्हा.
नागपूरहून साडेचारची गाडी,
मांडीवर पिशवी, पिशवीवर दुपट्टा,
थोडं पाणी, जास्त हवा, तोंडाला दोन रबर.
बाजूच्या बाईनं विचारलं, दवा हाये का?
कंडक्टर म्हणाला, सहा अर्ध्या तिकिटा काढा.
पवनीपासून खिडकी लागत नव्हती,
बाहेर धानाच्या पुंजण्यांवर धुकं उतरलेलं.
मी वाऱ्याकडे पाठ केली
आणि पिशवी पोटाशी घेतली.

या खेपेला पाणी तीन दिवस आधी भरलेलं.
दोन मोठे गंज, अंगणात, उघडे,
औषध उडून जाऊ दे म्हणून.
पेटीत ओतण्याआधी ओटीचे थेंब टाकले.
पाणी कोरं राहिलं.
अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
पिवळं झालं नाही म्हणून बरं वाटलं.

घरात दिवा मालवला. पेटीचाही.
पिशवी न सोडता तशीच पाण्यावर ठेवली.
आत हिटरची सव्वीस डिग्री,
पिशवीत अजून पवनीचा वारा.

खाटेवरून बा म्हणाला,
‘टाक नं बे! मासोरीच तं हाये, पावनी थोडी हाये.’
मुखरू ढिवर. जन्मभर मामा तलावात जाळं फेकलेलं.
काढायचं त्याला माहीत.
सोडायचं त्याला काय सांगू, म्हणून गप्प राहिलो.

वीस मिनिटांनी रबर काढले.
कडा दुमडली, चहाची एक वाटी
पेटीतलं पाणी पिशवीत.
थांबलो.
प्रणय मोबाइलवर पाच मिनिटं लावतो.
दुसरी वाटी.
पाच मिनिटं.
तिसऱ्या वाटीला लाईट गेली.
हिटरचा लाल ठिपका विझला.

अंधारात खाट करकरली.
बा आला, अंगावरची वाकळ काढली,
पेटीभोवती गुंडाळली.
मनगटाची उलटी बाजू आधी पिशवीला लावली,
मग पेटीतल्या पाण्याला.
‘आखीन दोन वाट्या,’ म्हणाला.

मग, वाटी माझ्या हातातून घेत:
‘मासोरीचं बीज आनाचो आमी हंड्यानं, कावडीवर.
रातभर हालवत. हंडा थांबला का बीज मेलं.
पन तऱ्यावर आल्यावर ओताचं नाही कदी.
हंडा आडवा कराचा,
तऱ्याले अंदर येऊ द्याचं.
ज्याले जाचं तो जाईल.’

चाळीस वर्षांत हे त्यानं
मला कधी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, पण बा,
दुकानाचं पाणी पेटीत जाऊ द्यायचं नाही,
रोग असतात.
‘मंग जारी दे,’ म्हणाला.
चहाच्या गाळणीएवढी जाळी,
प्रणयनं मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला,
थेट नाही.
पाण्यातून काढून पुन्हा पाण्यात सोडायला
ते बोट पहिल्यांदाच वाकत होतं.
एक. दोन. हळू.
सहा.

आज दाणा नाही, मी सांगितलं.
‘मले का त्याईले?’ बानं विचारलं.

पहाटे टाकीवर जायला उठलो
तर लाईट आलेली, लाल ठिपका पेटलेला,
बा खुर्चीत, उघड्या अंगानं,
वाकळ पेटीलाच.
पाच मोजले. सहावा दिसेना.
मी कानटोपी हातात धरून उभा.
‘त्या डब्बीच्या मांगं हाये,’ बा म्हणाला,
न बघता,
‘रातीपासून.’